साडेपाचची हजेरी

या संवादातली दोन माणसं मी जुळवून घेतली आहेत. एक पुण्यातल्या मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर, आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची पुतणी, मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र वेगवेगळ्या वसतिगृहांच्या व्हरांड्यांत आणि ओपीडीबाहेरच्या बाकांवर ऐकलेली आहेत. भांडण एका नोटिशीवरून आहे : नव्या सत्रापासून रोज पहाटे साडेपाचला मैदानावर हजेरी, त्यानंतर सूर्यनमस्कार, गैरहजर राहिल्यास पन्नास रुपये दंड, रविवारी सुट्टी. मी दोघांपैकी कुणाच्याच बाजूने पुरता नाही. पण एक मत माझं आहे आणि ते मधूनमधून डोकावेल. पोरगा किती वाजता उठतो ही आधी एक माहिती असते. आपण ती लगेच गुण-दोषाच्या रकान्यात भरून टाकतो, आणि मग ती माहिती म्हणून कुणाच्या कामाची राहत नाही.

रेक्टर : वाचलीस ना नोटीस? आता म्हण, काका जुन्या वळणाचे.

डॉक्टर : वळणाचं राहू द्या. साडेपाच कुठून काढलंत ते सांगा.

रेक्टर : मेसच्या वहीतून. नाष्ट्याला निम्मी पोरं येत नाहीत, पोहे परत जातात. रात्री दीड वाजता गेटवर पार्सलवाले उभे असतात, वॉचमन वैतागलाय. सबमिशनच्या आदल्या रात्री नाइट मारायची, तांबारलेल्या डोळ्यांनी व्हायवाला जायचं, दुपारी येऊन पडायचं ते थेट रात्री नवाला उठायचं. मग विषय राहून केट्या लागल्या की बाप गावाहून फोन करतो आणि मला विचारतो, सर, लक्ष असतं ना तुमचं? आता या सगळ्याला काय म्हणायचं, सांग तू.

डॉक्टर : पहिल्यांदा वय म्हणायचं. टिल रोएनेबर्ग म्हणून जर्मनीतले संशोधक आहेत. त्यांनी हजारो माणसांना विचारलं, सुट्टीच्या दिवशी, कुणी उठवत नसताना तुम्ही कधी झोपता, कधी उठता? २००४ मध्ये त्याचा आलेख छापला. लहान मूल कोंबड्याबरोबर उठतं. वयात यायला लागलं की झोपेची वेळ वर्षागणिक उशिराकडे सरकते आणि विशीच्या आसपास सगळ्यात उशिरावर पोचते. मुली जरा आधी, मुलगे जरा नंतर. तिथून ती परत वळते. हे वळण म्हणजेच किशोरवय संपल्याची खूण समजावी, असं त्यांनी सुचवलं. तुमच्या इमारतीत सगळे अठरा ते बावीसचे. नेमकी त्या आलेखाच्या टोकावरची पोरं गोळा केलीत आणि त्यांना म्हणताय, साडेपाचला या.

रेक्टर : आणि बोलावणारा पासष्टीचा. म्हणजे आलेखाच्या दुसऱ्या उतरणीवर.

डॉक्टर : तेच तर. तुम्हाला साडेचारला जाग येते त्यात तुमचं कर्तृत्व थोडं, वय जास्त.

रेक्टर : बरं, हे ऐकून घेतलं. पण मग आमच्या विशीत हा आलेख कुठे गेला होता? गावात नऊ वाजता सामसूम व्हायची. उशिरापर्यंत जागणारा म्हणजे भजनी मंडळातला, नाहीतर पाण्याची पाळी असलेला.

डॉक्टर : तो तेव्हाही होता, अंधारानं आवरून धरला होता. २०१३ मध्ये कोलोरॅडोत आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. बॅटरी नाही, फोन नाही, सूर्य आणि शेकोटी एवढाच उजेड. आठवड्यानं मोजलं तर त्यांची शरीरं दोनेक तास आधीच झोपेच्या तयारीला लागत होती. घरी जे जास्त उशिरा झोपायचे, ते जास्त बदलले.

रेक्टर : झालं! माझंच म्हणणं सिद्ध केलंस. दिवे आणि मोबाइल.

डॉक्टर : अर्धं सिद्ध झालं. वयात येताना झोप उशिरा सरकते हे माकडांत दिसतं, उंदरांत दिसतं. त्यांना कुणी मोबाइल घेऊन दिलेला नाही. मुळात कल उशिराकडे असतो. रात्रीचा उजेड तो आणखी वाढवतो. मुलांना एवढंच सांगितलं की मोबाइल ठेवा आणि झोपा, तर ती ठेवतात आणि दोन तास छताकडे बघत पडतात. मग त्यांना वाटतं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

रेक्टर : तू सारखी शरीराचं घड्याळ म्हणतेस. ते आहे कुठे? की आपलं बोलायचं म्हणून?

डॉक्टर : खरंच आहे. १७२९ मध्ये फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूचं झाड अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसताना पानं दिवसा उघडत होती, रात्री मिटत होती. वेळ झाडाच्या आतच होती. माणसात ती मेंदूच्या तळाशी आहे. दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर वीसेक हजार पेशींचा पुंजका. त्या पेशींच्या आत प्रथिनं दिवसभर साठतात आणि एका मर्यादेनंतर स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालतात. मग ती विरघळतात आणि चक्र परत सुरू होतं. हे आधी फळमाशीत उलगडलं. हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल त्याचंच मिळालं. आणि गणिताच्या माणसाला आवडेल असं एक सांगते. १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये फार काटेकोरपणे मोजलं, तर माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचा निघाला.

रेक्टर : म्हणजे रोज अकरा मिनिटं मागे पडणार. आठवड्याला सव्वा तासाच्या वर! आणि तरी आपण सगळे वेळेवर उठतो?

डॉक्टर : कारण रोज कुणीतरी काटा लावतं. सकाळचा उजेड लावतो. डोळ्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघत नाहीत, नुसता उजेड किती आहे ते मोजून त्या पुंजक्याला कळवतात. २००२ मध्ये त्यांचा नीट शोध लागला. त्यांना तुमच्या खोलीतली ट्यूब म्हणजे संध्याकाळच वाटते. खोलीत दोनतीनशे लक्स असतो, आणि ढगाळ दिवशीसुद्धा मैदानावर दहा हजारांच्या आसपास.

रेक्टर : मैदानावर. बघ, मी तरी काय लिहिलंय नोटिशीत?

डॉक्टर : मैदान बरोबर लिहिलंय. वेळ चुकली आहे.

इथे मला मध्ये पडावंसं वाटतं, कारण साडेपाच हा आकडा महाराष्ट्रात दिसतो तेवढा सरळ नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरची. पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे पुण्याचा सूर्य घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे असतो, मुंबईचा एकोणचाळीस. मुंबईकरांना हे इतकं खुपलं होतं की देशाची वेळ एक झाल्यावरही तिथे पुढे कितीतरी वर्षं वेगळा ‘बॉम्बे टाइम’ पाळला जात राहिला. आज तो कुणाला आठवत नाही, पण कलकत्त्याच्या मुलापेक्षा पुण्याच्या मुलाला सूर्य घड्याळात उशिरा उगवतो, उशिरा मावळतो, आणि वर्ग मात्र घड्याळावरच भरतात. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातल्या मुलांच्या आकडेवारीवरून हेच दाखवलं : जिथे सूर्य उशिरा मावळतो, तिथली मुलं झोपतात उशिरा, उठवली जातात त्याच वेळी, आणि शिक्षणात मागे पडतात.

रेक्टर : तुझ्या सूर्याचं मला माहीत नाही, पण ब्रह्ममुहूर्त सूर्यावरच ठरतो. सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटं. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. वजाबाकी कर, साडेपाचच येतात. वाग्भटानं हेच सांगितलंय.

डॉक्टर : वाग्भटानं ते निरोगी माणसाला सांगितलंय, काका. आणि त्याच ग्रंथात पुढे झोपेच्या प्रकरणात म्हटलंय की सवय नसताना रात्री जागरण घडलं, तर जितकं जागला त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावं. सकाळी! तुमच्या पोरांना हा अर्धा श्लोक कुणी सांगत नाही.

रेक्टर : तो सांगायची गरज नाही, तो ते पाळतातच.

डॉक्टर : (हसते) बरं, आता कागद घ्या. तुमचा तो दुसऱ्या वर्षाचा मुलगा, बारा वाजता उठणारा. झोपतो कधी?

रेक्टर : पहाटे चारला. त्याच्या रूम पार्टनरनं सांगितलं. ट्यूबलाइटवरून त्यांची भांडणं होतात.

डॉक्टर : म्हणजे चार ते बारा ही त्याची रात्र. आपलं अंगाचं तापमान रात्रीत एकदा सगळ्यात खाली जातं, साधारण उठण्याच्या दोन तास आधी. त्याचं कधी जाईल?

रेक्टर : दहाला. सकाळी दहाला.

डॉक्टर : हा दहाचा ठोका महत्त्वाचा. त्याच्या नंतर उजेड मिळाला तर घड्याळ पुढे ओढलं जातं, झोप लवकर यायला लागते. त्याच्या आधी मिळाला तर उलट होतं. मेंदूला वाटतं अजून संध्याकाळच रेंगाळते आहे, आणि घड्याळ आणखी उशिरा सरकतं. आता त्याला साडेपाचला उठवा आणि सहा ते आठ उन्हात उभा करा.

रेक्टर : ...सहा, सात, आठ. सगळं दहाच्या आधी. म्हणजे सूर्यनमस्कार घालून तो पाचला झोपायला लागेल?

डॉक्टर : तेवढ्यानं तो पाचवरच जाईल असं नाही, कारण झोप मोडल्यानं थकवाही साठतो आणि तो त्याला रात्री आधी पाडेल. पण घड्याळ तुम्हाला हवं त्याच्या विरुद्ध ओढलं जाईल. दोन आठवडे तो झोपेशी झुंजेल, वर्गात पेंगेल, मग दंड भरायला लागेल.

रेक्टर : मग करायचं काय? बाराला उठणारा बाराच वाजवणार?

डॉक्टर : टप्प्याटप्प्यानं. आज साडेअकरा, दोनतीन दिवसांनी अकरा, मग साडेदहा, आणि उठल्या उठल्या अर्धा तास बाहेर. रात्री दहानंतर खोलीतला मोठा दिवा बंद, टेबललॅम्प चालेल. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही. कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. असं केलं तर महिन्याभरात तो साडेसातला येतो. एका नोटिशीनं येत नाही.

रेक्टरांनी तो हिशोब मेसच्या वहीच्या मागच्या पानावर केला, एक आडवी रेघ, तिच्यावर चार, दहा, बारा, आणि दहाच्या दोन्ही बाजूंना उलट दिशेचे बाण. गणिताचा मास्तर बाण काढला की अर्धा पटतो. उरलेला अर्धा इतक्यात पटणार नव्हता.

रेक्टर : रविवारी तर मी सुट्टी ठेवली आहे. पोरांनी हवं तेवढं झोपावं.

डॉक्टर : तीच सुट्टी काढा. सोमवार ते शनिवार साडेपाच आणि रविवारी एक, म्हणजे दर आठवड्याला विमानानं परदेशी जाऊन परत येण्यासारखं. रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सोशल जेट लॅग’ असंच नाव दिलं. सोमवारी सकाळी मुलांची तोंडं बघा एकदा.

रेक्टर : म्हणजे तूच आता नियमितपणा शिकवायला लागलीस.

डॉक्टर : ते मी नाकारलंच कधी? २०१७ मध्ये हार्वर्डच्या एकसष्ट विद्यार्थ्यांच्या झोपेची महिनाभर नोंद ठेवली होती. ज्यांची झोप वेळच्या वेळी होती आणि ज्यांची कशीही होती, दोघांचे झोपेचे एकूण तास जवळजवळ सारखे निघाले. मार्क मात्र नियमित झोपणाऱ्यांचे बरे होते आणि अनियमितांची घड्याळं अडीचेक तास उशिरा लागलेली होती.

रेक्टर : हे मी नोटिशीत खाली लिहीन. हार्वर्डचं नाव वाचून तरी येतील.

एवढं झालं तोवर वाद झोपेचाच होता. डॉक्टर ज्या मुलासाठी आली होती त्याचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं, आणि मीही काढणार नाही.

डॉक्टर : तो बाराला उठणारा मुलगा मागच्या महिन्यात माझ्याकडे येऊन गेला. त्यानं परवानगी दिलीय म्हणून बोलते. त्याचं नुसतं घड्याळ उशिरा नाही.

रेक्टर : मग काय? मला तो आळशीच वाटायचा. दार लावून पडलेला. हाक मारली तर ‘हो सर’ म्हणतो आणि परत पडतो.

डॉक्टर : उशिरा झोपणारा मुलगा आणि खचलेला मुलगा बाहेरून सारखेच दिसतात, दार दोघांचंही बाराला उघडतं. पण नुसता उशिराचा मुलगा बाराला उठला की ताजा असतो. रात्री अकराला पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतो, खातो, हसतो, कुणाची टर उडवतो. डिप्रेशनमधला दहा तास झोपूनही शिणलेला उठतो. क्रिकेट सुटलेलं असतं, जेवणावरची वासना उडालेली असते, पानभर वाचून काय वाचलं ते आठवत नाही, आणि आईबापाचे पैसे आपण वाया घालवतोय हे डोक्यात सतत चालू. असं दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर ते आळसात मोजायचं नाही.

रेक्टर : पण सुरुवात कशानं झाली? जागरणानं मन बिघडलं, की मन बिघडलं म्हणून जागरण?

डॉक्टर : दोन्ही वाटा चालू असतात. पूर्वी आम्ही झोपेला फक्त लक्षण समजायचो. अमेरिकेत फोर्ड आणि कॅमेरो यांनी १९८९ मध्ये जवळजवळ आठ हजार माणसांच्या वर्षभराच्या अंतरानं दोनदा घेतलेल्या मुलाखती मांडल्या. ज्यांची निद्रानाशाची तक्रार वर्षभरानंतरही तशीच होती, त्यांच्यात नव्यानं डिप्रेशन आलेले खूपच जास्त निघाले. ज्यांची झोप मधल्या काळात सुधारली त्यांच्यात तसं नव्हतं. तेव्हापासून झोप बिघडणं ही आधीची सूचनाही असू शकते असं आम्ही धरतो. आणि गंमत बघा, म्हातारपणी किंवा मध्यमवयात डिप्रेशन आलं की माणूस बहुतेकदा पहाटे तीन-चारला जागा होतो आणि परत झोप लागत नाही. सकाळ सगळ्यात जड जाते. तरुण पोरांत पुष्कळदा उलट, झोपतच राहतात.

रेक्टर : पहाटे तीनला... दादा उठून बसायचा तीनला.

डॉक्टर : हो. बाबा.

रेक्टर : देवघरापाशी बसायचा, दिवा न लावता. आम्ही सगळे म्हणायचो, काय साधना आहे! मी वर्गात उदाहरण द्यायचो त्याचं.

डॉक्टर : गोळ्या सुरू झाल्यावर ते साडेपाचपर्यंत झोपायला लागले. आईनं माझ्याकडे तक्रार केली की हल्ली हे आळशी झालेत.

पहाटे उठणाऱ्या माणसाकडे आपण कधी काळजीनं बघितलेलं नाही. घरातला वडीलधारा तीनला उठून अंधारात बसला तर आपल्याकडे त्याच्यासाठी आदराचे शब्द तयार असतात, आणि वीस वर्षांचा पोर अकरापर्यंत अंथरुणात राहिला तर शिव्याही तयार असतात. दोघांना एकच आजार असला तरी एक पूजला जातो, एक दंड भरतो. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हे असंच झालं आहे.

रेक्टर : मग झोप हे औषध म्हणायचं की रोग? तू मला गोंधळात टाकलंस.

डॉक्टर : आणखी टाकते. जर्मनीत प्फ्लुग आणि ट्योले यांनी १९७१ मध्ये डिप्रेशनच्या रुग्णांना मुद्दाम रात्रभर जागं ठेवलं. सकाळी त्यांच्यातल्या पुष्कळांचं मन हलकं झालेलं होतं. महिनोन्महिने न हसलेली माणसं सकाळी बोलायला लागली. नंतरही हे अनेक ठिकाणी तपासलं गेलं, साधारण निम्म्या रुग्णांत फरक दिसतो. पण एकदा झोपले की बहुतेकांचं मळभ परत येतं, कधी कधी दुपारच्या डुलकीनंसुद्धा.

रेक्टर : म्हणजे सबमिशनला नाइट मारून सकाळी नाचणारी पोरं...

डॉक्टर : काहींना तो हलकेपणा जाणवतो, आणि त्याची चटक लागते. पण हे उपचार म्हणून करायचं तर दवाखान्यात, उजेडाची आणि औषधांची जोड देऊन. बायपोलर असलेल्या मुलाला एक जागलेली रात्र थेट उन्मादात नेऊ शकते. दोन-तीन तास झोपून दिवसचे दिवस थकत नाही, भराभर बोलतो, पैसे उधळतो, असा कुणी दिसला तर त्याला उत्साही म्हणून कौतुक करू नका, आधी मला कळवा.

रेक्टर : आता मी एक विचारतो. शेवटी लवकर उठणं चांगलं की नाही? सरळ उत्तर दे.

डॉक्टर : सरळ उत्तरातलं अर्धं तुमच्या बाजूनं आहे. २०२१ मध्ये साडेआठ लाखांच्या जवळपास माणसांच्या जनुकांवरून हिशोब झाला. झोपेचा मध्य तासभर अलीकडे असेल तर डिप्रेशनचा धोका तेवीस टक्क्यांनी कमी दिसला.

रेक्टर : तेवीस टक्के! हे तू शेवटपर्यंत दडवून ठेवलंस.

डॉक्टर : दडवलं नाही, भ्यायले. कारण तुम्ही लगेच नोटिशीत घालाल. लवकर उठणाऱ्याचं शरीर बरं आहे म्हणून धोका कमी, की हे सगळं जग सकाळवाल्यांच्या वेळेवर चालतं म्हणून उशिरावाला रोज अर्धवट झोपेत जगतो आणि खचतो, हे त्या आकड्यावरून सुटत नाही. आपल्या ज्युनिअर कॉलेजांच्या सकाळच्या बॅचेस सातला भरतात. बस पकडायची तर पोरगं साडेपाचला उठतं.

रेक्टर : ते इमारतीपायी. दोन पाळ्या चालवल्याशिवाय वर्गखोल्या पुरत नाहीत. मी प्राध्यापक असताना वेळापत्रक मीच लावायचो.

डॉक्टर : माहीत आहे. पण गंमत अशी की २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या झोपेबद्दल बोलले आणि फेब्रुवारीत शासनानं सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. निर्णय चांगला. फक्त पहिली-दुसरीची पोरं आपणहून लवकर उठतात. ज्यांचं घड्याळ सगळ्यात उशिरा आहे त्या सोळा-सतरा वर्षांच्यांना कुणी विचारलंच नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळा सात पन्नासऐवजी पावणेनऊला भरवायला लागले. मुलं रात्री आणखी जागतील असं सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात ती रोज चौतीस मिनिटं जास्त झोपायला लागली.

रेक्टर : आणि जी पोरं रात्री कॉल सेंटरला जाऊन फी भरतात, त्यांचं काय? माझ्याकडे आहेत तशी. जालन्याचा एक आहे, सकाळी सहाला परत येतो. त्याला तू कुठल्या उजेडात उभा करणार?

डॉक्टर : त्याला उभा करणार नाही. त्यानं येताना उन्हाचा चष्मा लावावा, खोलीला जाड पडदा लावावा, आणि त्याची साडेपाचची हजेरी माफ करावी.

रेक्टर : चष्मा! पोरं हसतील त्याला.

डॉक्टर : हसू देत. तुम्ही पडदा तरी द्या. मी तर म्हणते हजेरीच बंद करा. ब्रिटनमध्ये सव्वीस विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर एक मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये छापली गेली. झोप न येणाऱ्या निम्म्या मुलांना झोपेची शिस्त लावणारा एक ऑनलाइन कार्यक्रम दिला. ठरलेल्या वेळी उठायचं, झोप आल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही, खाट फक्त झोपेपुरती. झोप सुधारली, आणि तिच्याबरोबर संशयी विचार, नैराश्य, चिंता यांतही उतार पडला. हजेरी नाही, दंड नाही.

रेक्टर : खाट फक्त झोपेपुरती? तू माझ्या खोल्या बघितल्यास ना? चौघांत एक टेबल. खाटेवर लॅपटॉप, खाटेवर जेवणाचा डबा, खाटेवर वाळत घातलेला टॉवेल. तुझे ते विद्यार्थी वेगळ्या घरात राहतात.

डॉक्टर : हे खरं आहे. मग अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी ठेवा, म्हणजे खाटेवरून तरी उठतील.

रेक्टर : ठेवतो. पण हजेरीबद्दल ऐक. गेल्या वर्षी दुसऱ्या एका वसतिगृहात एक पोरगं तीन दिवस खोलीबाहेर आलं नाही. रूम पार्टनर गावाला गेलेले. तिथे हजेरी नव्हती. चौथ्या दिवशी मेसवाल्यानं विचारलं, तो कुठाय? वाचला, पण मेसवाल्यामुळे. माझ्याकडे रोज कुणीतरी नावं वाचेल, म्हणजे मला पहिल्याच दिवशी कळेल. तुझ्या ऑनलाइन कार्यक्रमाला कळेल?

यावर डॉक्टरकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. रेक्टरांनी ज्या कारणासाठी हजेरी लावली ते कारण लंगडं होतं. हजेरीचा खरा उपयोग त्यांनी नोटिशीत लिहिलाच नव्हता.

डॉक्टर : हे मान्य. आणि याला शास्त्रही आहे, तुम्हाला नको असलं तरी सांगते. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांवर काम केलं. गुहेत पूर्ण अंधार, दिवस-रात्र कळायला काही मार्ग नाही. पिंजऱ्यात एकटं ठेवलेलं वटवाघूळ रिकाम्या गुहेत स्वतःच्याच वेळेनं भरकटत जायचं. पण त्याच गुहेत त्याचे जातभाई राहत असले, रोज संध्याकाळी उडून जात आणि पहाटे परत येत असले, तर पिंजऱ्यातलं वटवाघूळ उजेड न बघताही त्यांच्या वेळेला लागायचं. १९८१ मध्ये त्यांनी हे छापलं.

रेक्टर : म्हणजे माझा नाष्टा.

डॉक्टर : तुमचा नाष्टा. साडेसातला, मैदानाच्या पायऱ्यांवर, उन्हात. चहा तिथेच ठेवा, मेसमध्ये ठेवू नका. नावं तिथे वाचा. रविवारीसुद्धा.

रेक्टर : रविवारी साडेआठ.

डॉक्टर : बरं, साडेआठ. आणि दंड काढा.

रेक्टर : दंड काढला तर पहिल्या आठवड्यात तू आणि मीच चहा पीत बसू. वीस रुपये ठेवतो.

डॉक्टर : ज्याच्या अंगात उठायचं बळच नाही त्याच्याकडून वीस रुपये घेऊन काय करणार? सलग तीन दिवस आला नाही तर त्याच्या दारावर जा. तुम्ही स्वतः जा, वॉचमनला पाठवू नका.

रेक्टर : जाईन. पण जाऊन बोलायचं काय? मला ते येत नाही. मी म्हणणार, काय रे, तब्येत बरी नाही का, आणि तो म्हणणार, बरी आहे सर.

डॉक्टर : ‘का उठला नाहीस’ हे विचारू नका. ‘जेवलास कधी’ विचारा. ‘नीट झोप लागून किती दिवस झाले’ विचारा. झोपेबद्दल पोरं बोलतात, त्यात त्यांना लाज वाटत नाही. तिथून पुढे सरकता येतं. आणि तो फारच खचलेला वाटला तर विचारा, जगू नये असं वाटतं का?

रेक्टर : असं तोंडावर? नसेल डोक्यात तर माझ्या बोलण्यानं येईल.

डॉक्टर : विचारल्यानं येत नाही, हे पुष्कळदा तपासलं गेलंय. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो.

रेक्टर : आणि तो ‘हो’ म्हणाला तर?

डॉक्टर : तर त्याला एकटं सोडायचं नाही. खोलीत दोरी, गोळ्या, काय आहे ते बाजूला करायचं. मला फोन करायचा. मी उचलला नाही तर टेलिमानस आहे, १४४१६, सरकारी आहे, रात्रंदिवस चालतं, मराठीत बोलतात. तो नंबर तुमच्या नोटिशीवर मोठ्या अक्षरात टाका, हार्वर्डच्या वर.

रेक्टर : त्याच्या वडिलांना कळवणार मी. नियमच आहे तसा.

डॉक्टर : जीव धोक्यात असेल तर कळवायचंच. पण त्याच्या पाठीमागे नाही. आधी त्याला सांगा की मी तुझ्या घरी फोन करतोय, आणि काय बोलणार आहे तेही सांगा. केट्यांचा विषय त्या फोनवर काढू नका.

रेक्टर : बाप पहिल्यांदा तेच विचारेल.

डॉक्टर : विचारेल. तुम्ही म्हणा, ते पुढच्या महिन्यात बोलू.

रेक्टर : एवढं करता येईल मला.